मधला हात आणि समोर मारकुटा खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली जे काही आहे ते पोकरमधल्या नो-लिमिट होल्डेमचं आहे (हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, बेट कितीही), कॅश गेम धरून, आणि दोघांकडे साधारण १०० बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी टाकायची मोठी सक्तीची रक्कम) आहेत असं समजून. टुर्नामेंटचं वेगळं लिहिलंय. पत्त्यांची नावं आपली घरातलीच वापरलीत, बाकीचे शब्द टेबलावर जसे बोलतात तसेच.

मधला हात म्हणजे नक्की कुठला?

सोपी कसोटी सांगतो. स्वतःला विचारा की मी बेट केली तर माझ्यापेक्षा वाईट हातवाले किती वेळा पैसे देतील? फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा) तिन्ही वेळा देतील असं वाटत असेल तर तो मोठा हात. एकदाच देतील, फार तर दोनदा, आणि तिसऱ्या वेळी जो देईल तो तुम्हाला हरवणाराच असेल, तर तो मधला. टॉप पेअर (बोर्डवरच्या, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पत्त्यांतल्या, सगळ्यात मोठ्याशी जुळलेली जोडी) पण किकर (जोडीबाहेरचा पत्ता) लंगडा, सेकंड पेअर, किंवा हातात दश्शीची जोडी आणि बोर्डवर राणी येऊन बसलेली, हे नेहमीचे मेंबर. पण हात बोर्डवर ठरतो हे विसरू नका. टू पेअर एरवी भारी, पण बोर्डवर चार बदाम पडले आणि तुमच्याकडे एकही बदाम नाही तर तीच टू पेअर मधल्या हाताच्याही खाली जाते, आणि हे ज्यांना पटत नाही त्यांचेच स्टॅक (चिप्सचे ढीग) दुसऱ्यांकडे जातात.

समोरचा खरंच मारकुटा आहे की मलाच वाटतंय?

बऱ्याचदा आपल्यालाच वाटतं. लागोपाठ चार वेळा रेज केला (रक्कम वाढवली) की लोक लगेच शिक्का मारतात, पण चार वेळा चांगले पत्तेही येतात की! म्हणून रेज किती करतो यापेक्षा शेवटी पत्ते उघडल्यावर काय निघालं ते बघा. तुम्ही हातात नसाल तेव्हाच खरं शिकायला मिळतं, आणि नेमकं तेव्हाच सगळे मोबाईल बघत बसतात.

आणि मारकुटे सगळे एका जातीचे नसतात, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. एक प्रकार असा की प्री-फ्लॉप (फ्लॉपच्या आधी) धडाधड रेज, फ्लॉपवर डोळे मिटून बेट, आणि कुणी कॉल केला (तेवढेच पैसे टाकून सोबत राहिला) की टर्नवर गप्प. ह्याच्यासमोर मधला हात म्हणजे मजा आहे, फ्लॉपला कॉल करा, टर्नवर तो चेक करेल (पैसे न टाकता पुढे जाईल) तेव्हा तुम्ही बेट करा, संपलं. दुसरा प्रकार फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही मारतो, आकारही वाढवत नेतो, खरी डोकेदुखी हा, आणि खालचं बरंचसं ह्याच्याबद्दलच आहे. तिसरा म्हणजे स्वतः बेट कमी करतो पण तुम्ही बेट केली की रेज मारतो. त्याच्यासमोर मधला हात बेट करायचाच कशाला, चेक करून पुढे जा, त्याला रेज मारायला काही ठेवूच नका. आणि चौथा, जो एरवी शांत असतो पण आत्ताच मोठा पॉट (मध्ये जमलेले पैसे) हरलाय आणि कान लाल झालेत. तो अर्ध्या तासापुरता मारकुटा असतो, पुढे परत जागेवर येतो, तेव्हा त्याच्याबद्दलचं मत पण परत जागेवर आणा.

रेज करून बघतो ना, मी कुठे आहे ते तरी कळेल?

हा सल्ला कुठून आला माहीत नाही पण जायचं नाव घेत नाही. तुमच्याकडे राजाची पेअर आहे, किकर दश्शी. त्याने बेट केली, तुम्ही रेज केला. आता त्याचे सगळे खोटे हात फोल्ड होणार (तो पत्ते टाकून देणार), म्हणजे जे पैसे पुढच्या दोन पत्त्यांवर तो स्वतःहून तुम्हाला देणार होता ते तुम्ही घालवले. आणि कॉल किंवा री-रेज कोण करणार? एक्का-राजा, सेट (हातात जोडी आणि बोर्डवर तसाच तिसरा), असलेच. कळलं तुम्हाला कुठे आहात ते, पण ते कळायला तिप्पट पैसे मोजले आणि कळेपर्यंत पॉट इतका फुगला की आता सोडवत पण नाही.

मारकुट्याची ताकद बेट करण्यात आहे, तर करू दे त्याला. तुमचा हात त्याच्या ब्लफला हरवतो आणि त्याच्या खऱ्या हाताला हरतो. असा हात कॉल करण्यासाठी असतो. मात्र बोर्ड फार ओला असेल, ड्रॉच ड्रॉ (फ्लश म्हणजे एकाच रंगाचे पाच, किंवा स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच, व्हायला एक पत्ता कमी असलेले हात) असतील आणि समोरचा ड्रॉवर रेज कॉल करणारा असेल, तर कधीतरी रेज चालतो, पण तो पैसे काढायचा रेज, माहिती काढायचा नाही.

आम्ही सगळे तीन पत्तीवाले, दिवाळीला बसणारे. आम्हाला चेक करणं कमीपणाचं का वाटतं?

कारण तीन पत्तीत चेक नावाचा प्रकारच नाही! चाल द्या नाहीतर पॅक. त्यामुळे हात सवयीने पुढे जातो. होल्डेममध्ये चेक हे फुकटचं हत्यार आहे आणि मधल्या हाताला तर ते सगळ्यात जास्त शोभतं. दुसरी सवय शो मागायची. तिथे दोघं उरले की ठरलेली रक्कम टाकली की शो मिळतो. इथे शोची किंमत समोरचा ठरवतो, आणि एकदा नाही, तीन वेळा. फ्लॉपवरचा कॉल स्वस्त वाटतो तो ह्यामुळेच, कारण डोक्यात असतं की एवढे टाकले की बघायला मिळेल. मिळत नाही. खालच्या हातात ते आकड्यांत दिसेल.

एखादा हात शेवटपर्यंत खेळून दाखवा ना.

ब्लाइंड ५०-१०० (स्मॉल ५०, बिग १००), दोघांकडे १०,०००. बटनच्या (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी बोलणारी सीट) आधीच्या सीटवरच्या मारकुट्याने २५० केले, बटन आणि स्मॉल ब्लाइंड गेले, तुम्ही बिग ब्लाइंडला इस्पिक राजा इस्पिक दश्शी घेऊन कॉल केला. पॉट ५५०.

फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तुम्ही चेक, तो ३००. कॉल करायचा, ह्यात काही विचार नाही. पण कॉल करण्याआधी एक क्षण थांबून पुढचं बघा, टर्नवर साधारण ८०० येतील, रिव्हरवर २००० च्या आसपास. म्हणजे हा ३०० चा प्रश्न नाही, पुढे पटत गेलं तर ३१०० चा आहे, ३१ बिग ब्लाइंड. तेवढं द्यायची तयारी कुठल्या पत्त्यांवर आहे आणि कुठल्यांवर नाही हे आत्ताच ठरवा. बदाम आला तर? एक्का आला तर? रिव्हरवर पहिल्यांदा विचार करायला बसलात तर तो विचार नसतो, घाम असतो.

टर्न: चौकट पंजी. पॉट ११५०. तुम्ही चेक, तो ८००. तुम्हाला ८०० टाकून एकूण २७५० च्या पॉटसाठी खेळायचंय, म्हणजे २९ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. पंजीने जवळजवळ काही बदललं नाही, कुणाकडे सत्ती-छक्की असेल तर त्याला ड्रॉ मिळाला इतकंच. कॉल.

रिव्हर: इस्पिक तिर्री. बदामाचा फ्लश आला नाही, स्ट्रेट पण कुठलाच नाही. पॉट २७५०. चेक, आणि तो २०००. आता २००० टाकून ६७५० साठी, म्हणजे २९.६ टक्के लागतात.

इथे "त्याच्याकडे काय असेल" असं एकच उत्तर शोधू नका. मोजा. राजाचे चार पत्ते, एक बोर्डवर, एक तुमच्याकडे, उरले दोन. त्यामुळे एक्का-राजा ८ प्रकारे, राजा-राणी ८ प्रकारे. एक्क्यांची जोडी ६. फुल हाउस (एकाचे तीन, दुसऱ्याचे दोन) किंवा त्यावरचं: अठ्ठीची जोडी ३, पंजीची ३, राजाची १, तिर्रीची १. एकाच रंगाचे राजा-अठ्ठी २, एक्का-तिर्री २. झाले ३४. राजा-गुलाम पण तुम्हाला हरवतो, पण इतकी मोठी तिसरी बेट त्यावर फार कमी लोक मारतात म्हणून सोडला.

आता खोटे हात. फसलेले बदाम: एक्क्याबरोबर राणी, गुलाम, दश्शी, नश्शी, सत्ती, छक्की, चौकी, दुर्री असे ८. राणी-गुलाम, राणी-दश्शी, राणी-नश्शी, गुलाम-दश्शी, गुलाम-नश्शी, दश्शी-नश्शी, ६. नश्शी-सत्ती आणि सत्ती-छक्की, २. शिवाय बाकीच्या तीन रंगांतली सत्ती-छक्की, ३. एकूण १९.

३४ खऱ्यांसमोर बरोबरीला यायला १५ खोटे लागतात. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की हा माणूस १९ मधले निदान १५ हात रिव्हरवर खरंच मारतो का? दुसऱ्या प्रकारचा, तिन्ही मारणारा असेल तर हो, आणि कॉल. पण जो टर्नपर्यंत मारून रिव्हरवर एक्का वरचा असलेले फसलेले हात चेक करतो, त्याचे खोटे उरतात ११, आणि मग तीच राजाची पेअर शांतपणे फोल्ड. पत्ते तेच, बोर्ड तोच, उत्तर उलटं. "टॉप पेअर कशी फोल्ड करू" म्हणणाऱ्यांनी ह्यावर जरा विचार करा.

टेबलावर एवढं मोजायला वेळ कुठे असतो?

नसतो. घरी मोजायचं. दहा-वीस हात घरी कागदावर मोजले की टेबलावर अंदाज यायला लागतो, की ड्रॉ बरेच होते आणि सगळे फसले तर कॉलकडे झुकायचं, बोर्ड कोरडा असेल, म्हणजे राजा-सत्ती-दुर्री तीन वेगळ्या रंगांत, तर खोटे हात आणायचे कुठून? तिथे तिसरी बेट आली की मारकुट्याला पण मान द्या.

ब्लॉकर ब्लॉकर म्हणतात ते मधल्या हाताला लागू होतं का?

सगळ्यात जास्त इथेच होतं. ब्लॉकर म्हणजे तुमच्या हातात असल्यामुळे समोरच्याकडे असू न शकणारा पत्ता. वरच्याच हातात तुमची दश्शी इस्पिकऐवजी बदाम असती तर? तुम्हाला वाटेल बरं झालं. पण बदाम दश्शी तुमच्याकडे आहे म्हणजे त्याच्याकडे ती नाही, सरळ चार खोटे हात गेले: बदामातले एक्का-दश्शी, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नश्शी. १९ चे राहिले १५, काठावर. तो सगळेच्या सगळे मारत असेल तरच कॉल जेमतेम सुटतो. ब्लफ पकडायला बसलोय तर फसलेल्या ड्रॉचा पत्ता आपल्या हातात नसलेला बरा. बहुतेक जण उलटं समजतात.

किती बेटला किती टक्के लागतात?

पाठ करून टाका. अर्धा पॉट मारला तर २५ टक्के, दोन-तृतीयांशला साधारण २९, पूर्ण पॉटला ३३, दुप्पट पॉटला ४०. बघा, बेट चौपट झाली तरी गरज २५ वरून ४० वरच गेली. म्हणून ओव्हरबेट (पॉटपेक्षा मोठी बेट) दिसली की घाबरून प्रत्येक मधला हात टाकायचा नसतो. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस नावाच्या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हातांत हरवलं तेव्हा त्याच्या मोठ्या मोठ्या ओव्हरबेटनीच ते हैराण झाले होते, कारण मधल्या हातावर एवढे पैसे मागितले की माणूस फोल्डच करतो हे त्या बेटला पुरेपूर पावत होतं. अर्थात तो प्रोग्राम खरे आणि खोटे हात तोलून मारायचा. तुमच्या टेबलावरचे काका दुप्पट पॉट मारतात ते बहुतेक वेळा सेट घेऊनच.

आणि टक्के समजले की मनाला एक सांगून ठेवा. ३० टक्क्यांच्या जागी ३५ टक्के जिंकणारा कॉल बरोबर आहे, आणि तो दर तीनातले जवळपास दोन वेळा हरतो. हरलात म्हणून कॉल चुकला असं नाही.

पोझिशनने किती फरक पडतो?

खूप. तो तुमच्या आधी बोलत असेल तर तुम्ही चेकला चेक करून एक पत्ता फुकट बघू शकता, पॉट छोटा ठेवू शकता, आणि तो थांबला की बेट करू शकता. तुम्ही आधी बोलत असाल तर किल्ली त्याच्या हातात. म्हणून मारकुटा तुमच्या उजवीकडे बसलेला चांगला. सीट बदलायला मिळत असेल तर लाजू नका, मागा.

प्री-फ्लॉप थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) येत राहतात, तिथे मधल्या हातांचं काय?

पोझिशन असेल तर नश्शी-दश्शीच्या जोड्या, एकाच रंगाचे एक्का-गुलाम, राजा-राणी, हे कॉल. पोझिशन नसेल तर वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम, एक्का-दश्शी सरळ टाका, हे हात दिसायला सुंदर आणि खेळायला महाग. जोडीवर सेट लागायची शक्यता फ्लॉपला १२ टक्क्यांच्या आत आहे, साडेआठ वेळात एकदा, तेव्हा नुसत्या सेटच्या आशेवर कॉल करत राहणं परवडत नाही. मारकुट्यासमोर नश्शीची जोडी कॉल करायची ती मुख्यतः ह्यासाठी की अठ्ठीपर्यंतचा बोर्ड आला तर ती तशीच पुढे असते.

तिघं-चौघं पॉटमध्ये असतील तर?

फोल्ड जास्त करा. मारकुट्यालाही चार जणांत ब्लफ करायची हौस कमी असते, आणि तुमच्या मागे अजून कोणीतरी बसलेला असतो ज्याचं तुम्ही काहीच मोजलेलं नाही.

मोठमोठे खेळाडू पण असे हात टाकतात का?

टाकतात, आणि कधी चुकीचे पण. २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मेन इव्हेंट, ८३९ जण, शेवटी दोघं उरले: मुरलेला सॅम फारहा आणि टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर, जो ऑनलाइन सॅटेलाइट (पात्रतेची छोटी टुर्नामेंट) जिंकून आला होता. बोर्ड इस्पिक नश्शी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी, शेवटी बदाम तिर्री. फारहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नश्शी, टॉप पेअर. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, फ्लशचा ड्रॉ, स्ट्रेटचा ड्रॉ, दोन्ही फसले, हातात शून्य. टर्नवर त्याने रेज केला होता, रिव्हरवर ऑल-इन (सगळ्या चिप्स आत). फारहाने बराच विचार केला आणि पेअर टाकली. पुढे मनीमेकर जिंकला, २५ लाख डॉलर.

आता घरबसल्या फारहाला नावं ठेवणं सोपं आहे. पण बघा, तीन इस्पिक बोर्डवर, स्ट्रेट पण शक्य, आणि समोरचा अननुभवी, ज्याच्याकडून टर्नला रेज आणि रिव्हरला ऑल-इन असा ब्लफ कुणी धरत नाही. मला विचाराल तर चूक पत्त्यांची कमी आणि माणूस ओळखायची जास्त. त्याने मनीमेकरला मारकुट्यांच्या यादीत धरलंच नव्हतं.

टुर्नामेंटमध्ये हेच चालतं का?

अर्धंच. बबल जवळ आला, म्हणजे दोन-तीन जण बाहेर गेले की बाकीच्यांना बक्षीस, तेव्हा हरलेल्या चिप्सची किंमत जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. मोठ्या स्टॅकचा मारकुटा त्याचाच फायदा घेतो, त्याला माहीत असतं तुम्हाला बाहेर जायचं नाही. तिथे काठावरचे कॉल सोडा. उलट तुमच्याकडे १२-१५ ब्लाइंडच उरलेत आणि टॉप पेअर लागली, तर किकर-बिकर काही बघू नका, तेवढ्या स्टॅकला तो मधला हात राहतच नाही, सगळे आत.

सराव कुठे करायचा? ऑनलाइन पैसे लावून?

भारतात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच बंद, आणि आपल्या पोकर साइट्सनी त्याच महिन्यात पैशाचे टेबल थांबवले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी अमलात आलाच नव्हता आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत, पणजीला मांडवीत जहाजं उभी असतात. पण शिकायला तिथे जायची गरज नाही. फुकट चिप्सवर लोक काहीही मारतात हे खरं, म्हणजे मारकुटे भरपूर मिळतात, पण त्यांच्यावरून रेंज (समोरच्याकडे असू शकणारे सगळे हात) शिकू नका. त्यापेक्षा चार मित्र, बटणांच्या चिप्स, आणि हात संपल्यावर दोघांनी पत्ते उघडून "तू काय समजला होतास" हे बोलायचं, ह्याने जास्त येतं. आणि घरखर्चाचे पैसे टेबलावर आणायचे नाहीत, ते पैसे असले की मधला हात नीट खेळताच येत नाही, प्रत्येक कॉल ईएमआयसारखा दिसतो.

मी फोल्ड केलं आणि त्याने हसत ब्लफ दाखवला. आता?

दाखवू दे. तो दाखवतो ते खोटे, खरे पत्ते तो गुपचूप डीलरकडे सरकवतो, तेव्हा एका उघडलेल्या ब्लफवरून त्याच्या १९ पैकी किती मारतो ते कळत नाही. पण कुठला ब्लफ होता ते मात्र लक्षात ठेवा. फसलेला फ्लश होता की काहीच नसलेला हात? एक्का वरचा असूनही मारला का? असेल, तर वरच्या मोजणीत ते आठ हात परत धरा आणि पुढच्या वेळी राजाची पेअर टाकू नका. लगेच पुढच्याच हाताला सूड म्हणून कॉल करू नका एवढं बघा, तो त्याचीच वाट बघत असतो.